कॅल्क्युलिक्स, आठ महिन्यांनंतर: फुकट आहे, पण ठोकळा बघून घ्या

शेडचं गणित करायच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायची परवान्याची चावी, मेलं. विकणाऱ्याला फोन केला, तर नुसतं डोंगल मिळत नाही म्हणे, अख्खं नूतनीकरण करा. हिंगणघाटकडच्या खेड्यात गोठे न् शेड बांधणारा माणूस मी, तेवढ्या पैशात नवी वेल्डिंग मशीन येते. म्हणून कॅल्क्युलिक्स उतरवलं: वस्तूचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून तिचा वाक न् ताण काढणारं फुकट सॉफ्टवेअर. चार जीबीच्या लॅपटॉपवरही चालते.

पहिला महिना खूश होतो. एकक विचारत नाही, एवढीच खोट. मिमी-न्यूटनमध्ये काम करायचं तर स्टीलची घनता ७.८५ × १०⁻⁹ द्यावी लागते. मी सवयीनं ७८५० ठोकली, पडद्यावर अख्खी शेड पाताळात. चूक माझी, पण निदान दिसली तरी.

दुसरी चूक दिसली नाही. एका कृषी केंद्रवाल्याला ठिबकच्या नळ्या टांगायला भिंतीतून ब्रॅकेट पाहिजे होते. पट्ट्या त्याच्याच, ५० बाय १० च्या, मीटरभर बाहेर, आणि आडव्याच लावा म्हणे. टोकाला १०० न्यूटन धरले. उत्तर आलं, वाक ४ मिमीच्या आसपास. लावून दिले. बंडल टांगलं न् पट्टीनं मानच टाकली. "काहून जी इंजिनियर साहेब?" गिऱ्हाइकांसमोर.

घरी येऊन कागदावर केलं: पीएल घन भागिले तीन ईआय (पी वजन, एल लांबी, ई स्टीलचा ताठपणा, आय पट्टीच्या आकाराचा). ई दोन लाख, आय ४१६७. वाक ४० मिमी! ताण १२० एमपीए (न्यूटन प्रति चौरस मिमी), म्हणजे तुटत नाही, पण उत्तर दहापट चुकलं. खात्री म्हणून पट्टी वाईसमध्ये आवळली, टोकाला दहा किलो तुरीचं चुंगडं बांधलं, टेपनं मोजलं. ४१. वाईसही थोडा देतोच.

भानगड सी३डी८ ची, मी निवडलेल्या तुकड्याच्या प्रकाराची. आठ नोडचा (कोपऱ्यांवरच्या जोडबिंदूंचा) ठोकळा, कडा सरळच्या सरळ. वाकताना त्याला वळता येत नाही, मग तो नसलेला शिअर (कातर ताण) उभा करतो आणि ताठ होऊन बसतो. शिअर लॉकिंग म्हणतात ते हेच. माझे ठोकळे ५० मिमी लांब, जाडीत एकच थर, मग काय! मॅन्युअलमध्ये लिहिलेलं आहे, मान्य. पण गणित चालताना एक ओळ नाही, एक इशारा नाही. घनता चुकली तर शेड बुडते, इथं मात्र चित्र रंगीत, गुळगुळीत, एकदम खरं वाटणारं. हेच मला सहन होत नाही.

सी३डी२०आर घेतला, वीस नोडचा ठोकळा, कडांच्या मध्येही नोड असलेला. तोच एक थर, आणि वाक ४० ला येऊन टेकला.

दोन तारे देणार होतो. मग आठवलं, जुन्या सॉफ्टवेअरात मी सगळं बीम एलिमेंटनं, म्हणजे ठोकळ्यांऐवजी नुसत्या रेषेच्या तुकड्यांनी करायचो, म्हणून पंधरा वर्षं हा प्रश्न समोर आलाच नाही. कॅल्क्युलिक्समध्ये बी३२ हा बीम एलिमेंट दिला तर ते आतून वीस नोडचाच ठोकळा करते. म्हणजे आठ नोडचा ठोकळा घेऊन मीच आगाऊपणा केला. चार तारे. सध्या जिनिंगची शेड यावरच करतोय, नागपूरचा ४४ मीटर प्रति सेकंद वारा धरून.

ब्रॅकेटच्या पट्ट्या उभ्या करून दिल्या. २५ पट ताठ, वाक १.६ मिमी. दुसऱ्या खेपेची मजुरी त्यानं अजून दिली नाही.