इंदुरात बनणारं आर्केड टेबल : ऑर्डर देण्याआधी कोण कुठे बसणार ते ठरवा

सांवेर रोडच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ऑर्डरप्रमाणे बनवून मिळणारं हे व्हिडिओ गेमचं टेबल म्हणजे 18 मिलिमीटर प्लायचा डबा, वर 5 मिलिमीटरची टफन काच, काचेखाली 22 इंची मॉनिटर आणि दोन टोकांना एकेक जॉयस्टिक. आत रास्पबेरी पाय 4 हा छोटा कॉम्प्युटर. किंमत 34,000 रुपये. 1978 साली आलेला 'स्पेस इन्व्हेडर्स' जपानच्या कॉफीघरांतून पसरला तो अशाच बसक्या टेबलांवर, त्यामुळे हा घाट काही नवा नाही. घरासाठी तो उभ्या मशीनपेक्षा सोयीचा, कारण आजी-आजोबांना खुर्चीवर बसून खेळता येतं आणि खेळ नसेल तेव्हा त्यावर पोह्यांच्या बश्या मांडता येतात.

सुतारकाम उत्तम आहे. कडा गोल घासलेल्या, काच चारही बाजूंनी खाचेत बसवलेली. अडचणी सगळ्या आत आहेत.

पहिली जॉयस्टिकची. सोबत येते ती आठ दिशांची. 'पॅक-मॅन' या चक्रव्यूहाच्या खेळाला चारच दिशा लागतात. आठ दिशांच्या दांड्यावर वळणाच्या ऐन वेळी हात तिरका गेला की दोन मायक्रोस्विच एकदम दाबले जातात, वळण चुकतं आणि मागे लागलेलं भूत गाठतं. लहान मुलांना वाटतं आपल्यालाच जमत नाही. उपाय फुकटचा आहे: पॅनल उघडून जॉयस्टिकच्या बुडाची चौकोनी प्लेट 45 अंश फिरवा. आता दांडा कोपऱ्यांत अडतो आणि ते कोपरे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे येतात. ऑर्डर देतानाच सांगितलं तर वर्कशॉपवाले फिरवून देतात, न सांगता देत नाहीत.

दुसरी पडद्याची. समोरच्याची पाळी आली की चित्र उलटं फिरून त्याच्याकडे तोंड करायला हवं. ही सोय मूळ खेळांतच आहे. मेमच्या (जुने आर्केड खेळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मेनूत टॅब दाबून डिप स्विच, म्हणजे खेळाच्या सेटिंग, उघडा, 'कॅबिनेट'समोर अपराइट (उभं मशीन) असेल ते कॉकटेल (समोरासमोर बसायचं टेबल) करा आणि खेळ पुन्हा सुरू करा. मशीन येतं ते अपराइटवर. तसंच ठेवलं तर समोर बसलेल्याला सगळा चक्रव्यूह उलटाच दिसणार. त्याच मेनूत 'पॅक-मॅन'च्या लाइफ 1, 2, 3 किंवा 5 ठेवता येतात. 5 ठेवा. एक लाइफ गेली की पाळी बदलते, त्यामुळे दुसऱ्याचं ताटकळणं त्याने वाढत नाही.

मॉनिटर आयपीएस पॅनलचाच मागा (तो कोणत्याही बाजूने नीट दिसतो), हजार-दीड हजार जास्त गेले तरी चालतील. स्वस्तातला टीएन पॅनल असा निजवला की टोकांना बसलेल्या दोघांना बरा दिसतो, पण बाजूला उभं राहून बघणाऱ्यांना रंग काळवंडलेले दिसतात. आणि घरात बघणारेच जास्त असतात.

खरी मर्यादा वेगळीच. समोरासमोरची रचना पाळीपाळीच्या खेळांसाठी आहे. 'पॅक-मॅन', 'गॅलागा' यांत एक खेळतो, दुसरा वाट बघतो, आणि आजची मुलं वाट बघत नाहीत. 'मारियो ब्रदर्स' (1983) किंवा 'बबल बॉबल' (1986) दोघं मिळून एकाच वेळी खेळतात, पण त्यांचं चित्र एकाच बाजूला तोंड करून असतं. त्यासाठी टेबलाच्या लांब बाजूला शेजारी-शेजारी दोन जॉयस्टिकचं तिसरं पॅनल लागतं. वर्कशॉप ते 5,500 रुपयांत लावतं. दोन-तीन भावंडं असतील तर हे पॅनल घ्याच. ते नको असेल तर आमच्या मते टेबलाऐवजी टीव्हीला जोडायचा दोन खेळाडूंचा कंट्रोलर बोर्ड बरा.

'दहा हजार गेम भरून देतो' याला भुलू नका. ते परवान्याचे नसतात, त्यात एकाच खेळाच्या पाच-पाच प्रती निघतात. रिकामं मेमरी कार्ड मागा.

किरकोळ पण छळणाऱ्या गोष्टी दोन. सोबतचा अडाप्टर मोबाइलचा आहे. पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह चमकलं की वीज कमी पडते आहे असं समजा आणि 5 व्होल्ट 3 अँपिअरचा घ्या, जेल रोडवर मिळतो. दुसरं म्हणजे दोन्ही पॅनलचे एन्कोडर (जॉयस्टिक आणि बटणं यूएसबीने जोडणारे बोर्ड) हुबेहूब एकसारखे आहेत. सफाईनंतर यूएसबी पोर्ट बदलले तर पहिला खेळाडू दुसरा होऊन बसतो. वायरींवर आधीच चिठ्ठ्या चिकटवा.

आणि शेव. इंदुरात हे लिहावंच लागतं. तेलकट चुरा बटणाच्या कडेच्या फटीत उतरतो, बटण दाबलेलंच राहतं, जहाज आपोआप गोळ्या झाडत सुटतं. खालून वायर काढा, दोन्ही बाजूंचे खटके दाबून बटण वर ढकला, कोरड्या ब्रशने झाडा. पाणी लावू नका. वॉरंटी 6 महिन्यांची आहे, मात्र बटणं आणि मायक्रोस्विच तीत धरत नाहीत, म्हणून चार जास्तीची बटणं ऑर्डरमध्येच लिहून घ्या.