महिना 5 पौंड: 'युअर पार्टी'ची मेंबरशिप घ्यावी का?

आमच्या लेस्टरच्या मराठी ग्रुपवर एअर फ्रायरपासून इमिग्रेशनच्या वकिलापर्यंत सगळ्याचे रिव्ह्यू मागितले जातात. लेबर पार्टीचे माजी नेते जेरेमी कॉर्बिन यांच्या 'युअर पार्टी' या नव्या डाव्या पक्षाबद्दल मात्र एकच प्रश्न येतो, तोही खासगीत: "ताई, तुम्ही खरंच पैसे भरलेत?" भरलेत. महिना 5 पौंड, डायरेक्ट डेबिटने. म्हणून आता रीतसर लिहितेच. माल काय आहे, हातात कसा पडला, आणि एवढा गोंधळ होऊनही माझ्यासारखी साधी माणसं तो का घेतात.

आधी एक गोष्ट, कारण ती कित्येकांना माहीत नसते. आपण भारतीय पासपोर्टवर इथे रीतसर राहत असलो तरी कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा मत देऊ शकतो. तेव्हा "आपला काय संबंध" हे वाक्य बाजूला ठेवा.

3 जुलै 2025 ला कॉव्हेंट्री साउथच्या खासदार झारा सुलताना यांनी लेबर पार्टी सोडली आणि जेरेमी कॉर्बिन यांच्या जोडीने नवा पक्ष काढतोय असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी कॉर्बिननी निवेदन दिलं, त्याचा सूर 'बोलणी चालू आहेत' एवढाच. म्हणजे पहिल्या चोवीस तासांतच दोघांची घड्याळं वेगळी. 24 जुलैला वेबसाइट आली आणि नाव नोंदवणाऱ्यांचा आकडा काही दिवसांत सहा लाखांच्या वर, पुढे आठ लाखांपर्यंत गेला. नाव नोंदवणं फुकट होतं. फुकट तिथे रांग लागणारच.

पैसे घ्यायची वेळ आली आणि तमाशा झाला. 18 सप्टेंबरला सुलताना यांच्या बाजूने मेंबरशिपचं पोर्टल उघडलं आणि नाव नोंदवलेल्यांना तशी ईमेल गेली. हजारोंनी पैसे भरले. थोड्याच वेळात कॉर्बिन आणि त्यांच्याबरोबरच्या चार अपक्ष खासदारांनी कळवलं की ही ईमेल अनधिकृत आहे, डायरेक्ट डेबिट रद्द करा. सुलताना यांनी पुरुषांच्या कंपूने आपल्याला बाजूला सारल्याचा आरोप केला. तक्रार इन्फर्मेशन कमिशनरपर्यंत, म्हणजे लोकांच्या खासगी माहितीच्या वापरावर लक्ष ठेवणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत, पोचली. लग्न लागायच्या आधीच दोन्हीकडच्या वरमाया मानपानावरून भांडाव्यात आणि वऱ्हाडी आहेराची पाकिटं हातात धरून ताटकळावेत, तशी गत. आठवड्याभरात दुसरं पोर्टल उघडलं. मी घेतली ती या दुसऱ्या पोर्टलवरून.

एखाद्या दुकानाने गिऱ्हाइकाशी असा व्यवहार केला असता तर मी एक स्टार देऊन मोकळी झाले असते, आणि तो एकही जिवावर आला असता. पण राजकीय पक्षाची गंमत अशी की मालातला मोठा भाग दुकानदाराकडे नसतोच. तो आपल्या शेजारी रांगेत उभा असतो.

लेस्टरच्याच हायफिल्ड्स भागातल्या एका हॉलमध्ये आमच्या भागातल्या लोकांची बैठक होती. ऑक्टोबरात पक्षाने चार मसुदे काढले होते: राजकीय भूमिका, घटना, कामकाजाचे नियम, संघटनेचं धोरण. टेबलाटेबलांवर त्यांच्या प्रिंट, पेनं, चिकटवायचे पिवळे कागद. मी आपली चहाच्या मोठ्या भांड्याजवळची जागा पकडली, कारण हॉलमध्ये थंडी मरणाची होती. शेजारी एक सत्तरीतल्या गुजराती बाई. त्यांना सगळे मासी म्हणत होते, मीही म्हटलं. घटनेची प्रिंट त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून, कागद नाकाजवळ धरून वाचली. बाकीचे पॅलेस्टाइन आणि नाटोवर तावातावाने बोलत होते. मासींनी पहिला प्रश्न केला तो असा: "बेटा, इसमें खजानची किसको जवाब देगा, वो कौन से पन्ने पे है?"

हा प्रश्न कुठून येतो ते पुढे चहा पिताना कळलं. मासी 1972 मध्ये युगांडातून हाकलल्या गेलेल्यांपैकी. त्याच वर्षी लेस्टरच्या कौन्सिलने, म्हणजे लेबरच्याच कौन्सिलने, युगांडातल्या पेपरात जाहिरात दिली होती की आमच्या शहरात येऊ नका. त्या आल्या. 1974 मध्ये इथल्या इम्पीरियल टाइपरायटर्सच्या कारखान्यात आशियाई कामगारांनी बोनसच्या हिशेबावरून आणि एकूणच दुजाभावावरून संप केला, तेव्हा मासी त्यात होत्या. ट्रान्सपोर्ट अँड जनरल वर्कर्स युनियनच्या स्थानिक पुढाऱ्यांनी त्यांना पाठिंबा दिला नाही. वर्गणी भरत होत्या आणि संपात एकट्या पडल्या. तरीही पुढची कित्येक वर्षं मासींनी लेबरचं काम केलं, पत्रकं वाटली, म्हाताऱ्यांना मतदानाला नेलं. गाझाच्या प्रश्नावर 2023 मध्ये सोडलं. सोडून घरी बसल्या का? नाही. 2024 च्या निवडणुकीत शॉकत अॅडम या अपक्षासाठी फिरल्या. लेस्टर साउथमध्ये लेबरचे जोनाथन अॅशवर्थ आधीच्या वेळी 22 हजारांहून जास्त मतांनी आले होते, ते या खेपेला 979 मतांनी पडले.

मग आता पक्ष कशाला, असं मी विचारलं. अपक्ष निवडून आला की काम झालं. मासी म्हणाल्या, अपक्ष चांगला निघाला तर नशीब, आणि वाईट निघाला तर त्याला जाब कुठल्या मीटिंगमध्ये विचारायचा? मला वाटतं, हा अख्खा रिव्ह्यू या एका वाक्यात बसेल. लोक पुढाऱ्यावर भाळून येतात असं पेपरवाले लिहितात. मला बैठकीत भेटलेली माणसं पुढाऱ्यांना जाब विचारायची जागा शोधत आली होती. कॉर्बिनवर माया होती, पण ती घरातल्या थोरल्या काकांवर असते तशी: पाया पडू, तिजोरीची किल्ली मात्र देणार नाही.

त्याच टेबलावर विशी-पंचविशीतला एक मुलगा होता, गोदामात रात्रपाळी करणारा. भाडेकरूंच्या घरातली ओल आणि बुरशी हा त्याचा विषय. 2020 मध्ये रॉचडेलला अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा घरातल्या बुरशीने गेला, त्याच्या नावाने कायदा झाला आणि 27 ऑक्टोबर 2025 पासून इंग्लंडमधल्या सोशल हाउसिंगला, म्हणजे कौन्सिल आणि हाउसिंग असोसिएशनच्या भाड्याच्या घरांना, लागू झाला. खासगी घरमालकांच्या भाडेकरूंना अजून वाटच पाहायची आहे, आणि याची सगळी माणसं नेमकी खासगी भाड्याच्या घरांत. त्याच्या फोनमध्ये भिंतींचे शेकडो फोटो. एकेका फोटोला गल्लीचं नाव आणि तारीख. तो म्हणाला, "दर वेळी नवी मोहीम, नवा ग्रुप, नवा लोगो. जिंकलो की ग्रुप थंड पडतो. हरलो की आणखी लवकर. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून तीच दारं वाजवायची." त्याला पक्ष हवा होता तो या फोटोंसाठी. मोहीम संपली तरी यादी कुणाकडे तरी राहावी, आणि ओलीवाला, संपवाला, शाळेवाला एकाच हॉलमध्ये बसावा म्हणून.

मी स्वतः का गेले तेही सांगते. डिसेंबर 2022 मध्ये रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगचा, म्हणजे आम्हा नर्सांच्या संघटनेचा, पहिला देशव्यापी संप झाला. शंभराहून जास्त वर्षांची संघटना, आणि पहिला. मी बाहेर उभी होते, हातात फलक, आत थर्मलचे दोन थर. त्या वर्षी लेबरच्या फ्रंटबेंचच्या, म्हणजे पक्षात एखाद्या खात्याची जबाबदारी असलेल्या, खासदारांना संपकऱ्यांच्या रांगेत उभं राहू नका अशी ताकीद होती. तेव्हा ते विरोधी पक्षात होते, म्हटलं असेल काही डावपेच. मग सत्ता आली. जुलै 2024 मध्ये तिसऱ्या मुलाचा भत्ता बंद ठेवणाऱ्या नियमाविरुद्ध मत दिलं म्हणून त्यांनी आपल्याच सात खासदारांना निलंबित केलं. सुलताना त्यांतल्या एक. तोच नियम उठवायची घोषणा त्याच सरकारने नोव्हेंबर 2025 च्या बजेटमध्ये केली! मे 2025 मध्ये मात्र कायम वास्तव्याची मुदत पाचाची दहा वर्षं करायचा प्रस्ताव आला. माझ्या वॉर्डातल्या मल्याळी मुली ब्रेकमध्ये बोटांवर वर्षं मोजत बसतात. हे सगळं ज्यांना सांगावं त्यांना आमची मतं आपोआप मिळत होती, म्हणून ऐकायची गरज नव्हती.

शिवाय मी सांगोल्याची, हेही एक कारण असावं. गणपतराव देशमुख, आमचे आबा, शेतकरी कामगार पक्षातून अकरा वेळा आमदार झाले आणि एसटीने फिरले, हे महाराष्ट्राला पाठ आहे. पण शेकापसुद्धा एकेकाळी असाच फुटून निघालेला नवा पक्ष होता. स्वातंत्र्याच्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे काँग्रेसमधून बाहेर पडले आणि तो उभा राहिला. काही वर्षांत जेधे परत काँग्रेसमध्ये गेले. म्हणून आमच्याकडच्या वाडीवस्तीवरच्या माणसाने लाल बावटा उतरवला नाही. त्याला दुष्काळात रोजगार हमीचं काम निघावं म्हणून तहसीलवर मोर्चा न्यायचा होता, आणि मोर्चाला बावटा लागतो. माझे मामा त्यांतलेच. पुढारी कुठे गेले ते त्यांना पेपरात वाचून कळायचं.

आता स्पर्धक. सप्टेंबर 2025 मध्ये झॅक पोलान्स्की ग्रीन पार्टीचे नेते झाले आणि त्यांची मेंबरशिप सुसाट सुटली, नोव्हेंबरात दीड लाखाच्या पुढे. युअर पार्टीचे पैसे भरणारे मेंबर त्याच सुमारास पन्नास हजारांच्या आसपास. आठ लाखांतून पन्नास हजार! हा आकडा पक्षाने फ्रेम करून भिंतीवर लावावा. ग्रीनकडे शाखा आहेत, नगरसेवक आहेत, भांडणं झाकायची अक्कल आहे. आमच्या टेबलावरचे काही जण पुढच्या बैठकीपर्यंत तिकडे गेलेसुद्धा, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. ज्याला तयार माल हवा त्याने तिकडेच जावं. जे राहिले ते बहुतेक युनियनवाले. बर्मिंगहॅममध्ये कचरा उचलणारे मार्च 2025 पासून बेमुदत संपावर होते आणि समोर लेबरचंच कौन्सिल होतं, हे त्यांच्या बोलण्यात दर पाच मिनिटांनी यायचं.

29 आणि 30 नोव्हेंबरला लिव्हरपूलला स्थापना परिषद झाली. प्रतिनिधी चिठ्ठ्या टाकून, म्हणजे सोडतीने निवडले होते. ही कल्पना मला मनापासून आवडली. माझा नंबर लागला नाही. मी फोनवर मत दिलं. एकच नेता की सामूहिक नेतृत्व, यावर सामूहिकच्या बाजूने 51.6 टक्के आणि विरुद्ध 48.4. वरच्या मुख्य पदांवर खासदार नकोत, साधे मेंबर हवेत, हेही ठरलं. एकाच वेळी दुसऱ्या डाव्या गटाचं सभासद राहायला मोठ्या बहुमताने मुभा मिळाली. परिषदेच्या तोंडावर मात्र सोशलिस्ट वर्कर्स पार्टी या अशाच एका डाव्या गटाच्या लोकांना काढून टाकलं, त्यावरून सुलताना पहिल्या दिवशी सभागृहात गेल्याच नाहीत. त्याआधी नोव्हेंबरातच सुरुवातीच्या खासदारांपैकी दोघे निघून गेले होते. डाव्यांचे पहिले पाढे पंचावन्न.

अशा नव्या डाव्या पक्षांचा इथला इतिहासही बरा नाही. आमच्या बैठकीत होजिअरी कारखान्यातून निवृत्त झालेले एक मेकॅनिक होते. त्यांच्या पाकिटात आर्थर स्कारगिलच्या 1996 च्या सोशलिस्ट लेबर पार्टीचं कार्ड, 2004 च्या रिस्पेक्टचं कार्ड आणि 2013 च्या लेफ्ट युनिटीचं कार्ड, तिन्ही एका रबरबँडमध्ये. ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, अशा इथल्या पद्धतीत छोट्या पक्षांचा चुराडा होतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? मी विचारलं, मग चौथं कशाला? ते म्हणाले, "मधल्या काळात मी काही आजारी नव्हतो. लोक भेटायचेच की, संपावर, मोर्चात. दर वेळी तीच माणसं. मग वाटतं, एकदा नीट बसून नावं लिहून घ्यावीत." आणि त्यांनी खरंच आलेल्यांची वही काढली. त्यात माझ्या आडनावाचं स्पेलिंग मला तीनदा सांगावं लागलं.

तर गुण. वरची मंडळी: पाचपैकी दीड. कागदपत्रं: अडीच, भाषा जड आहे, पण कलमावर मत देता येतं हे थोडं नाही. रांगेतली माणसं: साडेचार. अर्धा कापला तो माइक हातात आला की न सोडणाऱ्यांसाठी, आणि ते सगळे पुरुष होते हे नोंदवून ठेवते.

कुणी घ्यावी? तुम्ही आधीच काही करत असाल, म्हणजे युनियनचं, फूड बँकेचं, शाळेच्या बसचं, आणि ते एकट्याने ओढून थकला असाल तर. घ्या आणि आधी बैठकीला जा, ऑनलाइन ग्रुपवर नको. तिथे नुसते मसुद्यांचे मुडदे पडतात. पुढच्या निवडणुकीत सरकार बदलेल या आशेने घेणार असाल तर पाच पौंडांची कॉफी प्या. व्हिसाचं काम होईल अशी कुजबुज कानावर आली, तर तसलं काही होत नाही.

वर्षाचे एकदम भरू नका, महिन्याने भरा. डायरेक्ट डेबिट बँकेच्या अॅपवरून कधीही बंद करता येतं. मे 2026 मधल्या लंडन आणि बर्मिंगहॅमच्या कौन्सिलांच्या निवडणुकांपर्यंत माझं चालू ठेवायचं मी ठरवलं. मामांना फोनवर सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं: "पावती देतात का?" देतात, ईमेलवर.