जेवणाच्या टेबलावरचा ‘पितळी’ दिवा: पैसे भरण्याआधी वजन विचारा

पैसे घेऊन वस्तूच न पाठवणारे भामटे आता सगळ्यांच्या ओळखीचे झालेत. मला भेटले ते वेगळ्या तऱ्हेचे होते. त्यांनी दिवा पाठवला. वेळेवर पाठवला, नीट गुंडाळून पाठवला, आणि तिथेच ते जिंकले. कारण पुढे मी जिथे जिथे तक्रार केली तिथे पहिला प्रश्न हाच आला, “दिवा मिळाला ना तुम्हाला?” मिळाला म्हटलं की समोरच्याचा अर्धा रस संपायचा. काहीतरी पाठवून दिलं की फसवणुकीचं रूपांतर ‘ग्राहक नाराज आहे’ यात होतं, हे त्या लोकांना पक्कं माहीत असतं.

आमच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये डायनिंग म्हणजे हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधली सात बाय आठ फुटांची जागा. त्यात चार खुर्च्यांचं, अडीच फूट रुंदीचं टेबल. ट्यूब मागच्या भिंतीवर, त्यामुळे जेवणाऱ्याची सावली त्याच्याच ताटात पडते. सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बांगड्याचे काटे दिसत नाहीत ही रोजची कुरकुर, आणि ती रास्तच होती. टेबलावर मधोमध एक लटकता दिवा हवा असं ठरलं. मोबाइलवर एकदा ‘हँगिंग लाइट’ शोधलं आणि मग काय, दिसेल तिथे दिव्यांच्याच जाहिराती.

त्यातल्या एका पेजवर अर्धगोल, सोनेरी दिवा होता. ‘मुरादाबादच्या कारागिरांनी हाताने घडवलेला, अस्सल पितळी’. मुरादाबादला पितळनगरी म्हणतात ते खरंच आहे, आणि म्हणूनच ते नाव कोणीही फुकटात वापरतो. किंमत १४,९९९ खोडून ६,४९९. खाली ‘फक्त ३ शिल्लक’ आणि उलटं धावणारं घड्याळ. ते घड्याळ पान पुन्हा उघडलं की पहिल्यापासून सुरू होतं, हे पुढे कळलं. अशी खोटी घाई लावणं हा केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेल्या तेरा ‘डार्क पॅटर्न’पैकी, म्हणजे ग्राहकाला ऑनलाइन फसवायच्या युक्त्यांपैकी, पहिलाच प्रकार आहे. आकाराच्या रकान्यात एवढंच होतं: ‘साइज १६ इंच’. यूपीआयने आगाऊ पैसे भरले तर दहा टक्के सूट, म्हणून तसेच भरले.

खोका आला तेव्हा तो हातात घेऊनच नवरा म्हणाला, “रिकामा आहे का गं?”

आमचे वायरमन काका जुने. त्यांच्या स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला चुंबक आहे, खाली पडलेले स्क्रू उचलायला. ते टोक सहज वाटीला लागलं आणि चिकटलं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दोन्ही चुंबकाला दाद देत नाहीत. चिकटलं म्हणजे आत लोखंडी पत्रा आणि वर सोनेरी मुलामा. उलट बाजूही सांगून ठेवते: चुंबक चिकटलं नाही म्हणजे पितळच असं समजू नका, अ‍ॅल्युमिनियमलाही ते चिकटत नाही. पण अ‍ॅल्युमिनियम पितळेपेक्षा तिपटीने हलकं असतं, त्यामुळे तिथे हाताला लगेच कळतं.

म्हणून पहिला प्रश्न वजनाचा. कुरिअरच्या चिठ्ठीवर खोक्यासकट वजन होतं आठशे ग्रॅम. सोळा इंच व्यासाची अर्धगोल पितळी वाटी, पत्रा एक मिलिमीटरचा धरला, तर नुसती वाटीच दोन किलोच्या वर जाते. गंमत म्हणजे पातेलं, परात, समई घेताना आपण वजन विचारल्याशिवाय पुढे जात नाही. पितळेचा भाव किलोवरच होतो, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक. तीच पितळ छताला टांगायची म्हटली की मात्र ती ‘डेकोर’ होते आणि तराजू घरी राहतो. त्या पेजवर दिव्याबद्दल दोन परिच्छेद काव्य होतं, वजन कुठेही नव्हतं. मी आता कोणत्याही विक्रेत्याला आधी तेवढंच विचारते. खरा माल विकणारा ग्रॅमपर्यंत सांगतो. बाकीचे म्हणतात, “मॅम, व्हेरी हेवी क्वालिटी.”

आता ते सोळा इंच. वाटीला टेप लावली तर व्यास भरला आठ. मी फोटो पाठवून विचारलं, तर उत्तर आलं, “हाइट १६ इंच आहे मॅम, लिस्टिंगमध्ये बरोबर आहे.” वाटी, तिच्यावरची नळी, नळीवरची शोभेची कडी असं सगळं मिळून सोळा! आणि फोटोत? फोटोत तो दिवा सहा खुर्च्यांच्या टेबलावर निम्मी जागा व्यापून बसलेला. गूगल लेन्समध्ये तो फोटो टाकला तेव्हा तीच खोली, तेच टेबल वेगवेगळ्या नावांच्या बऱ्याच पेजांवर सापडलं, आणि मूळ चित्र एका परदेशी कंपनीच्या साइटवरचं. म्हणजे फोटोतला दिवा यांच्याकडे कधी नव्हताच.

हा आकाराचा खेळ लहान जागेत जास्त भोवतो. साधा हिशेब असा की दिव्याचा व्यास टेबलाच्या रुंदीच्या निम्म्यापासून दोन तृतीयांशापर्यंत हवा. आमच्या तीस इंची टेबलाला पंधरा ते वीस इंच. टांगायचा टेबलाच्या पृष्ठभागापासून तीस ते छत्तीस इंचांवर, म्हणजे समोरच्याचं तोंड दिसतं आणि बल्ब डोळ्यांत जात नाही. आठ इंची वाटी त्या उंचीवर लावली की उजेड पडतो भाजीच्या भांड्यावर, आणि चारही ताटं कडेच्या अंधारात. काकांनी हाताने धरून दाखवलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “हे काय, ऑपरेशन थिएटर?”

कारण उजेडही भलताच होता. ‘वॉर्म लाइट’ लिहिलेलं. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात; पिवळसर म्हणजे २,७०० ते ३,००० केल्विन. आलेला दिवा निळसर पांढरा, ६,५०० च्या घरातला. त्याखाली आमटी राखाडी दिसत होती. मोबाइलचा कॅमेरा दिव्यावर धरला तर पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले. ते ठळक दिसले की समजावं, आतला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला योग्य तेवढी वीज पुरवणारा भाग, हलका आहे आणि दिवा लुकलुकतोय, आपल्या डोळ्याला कळो न कळो. बल्ब बदलावा तर होल्डरच नाही. एलईडीची पट्टी आत चिकटवून टाकलेली. एक भाग गेला की सगळा दिवा भंगारात.

काकांनी छताला लागणारी वरची छोटी वाटी उघडली. एलईडीच्या ड्रायव्हरवर आपल्याकडे बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी सक्तीची आहे. त्यावर ‘आर’ आणि पुढे आठ आकडे असा नंबर असतो. यावर नंबर होता! ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकला तर तो निघाला दुसऱ्याच कंपनीच्या, दुसऱ्याच उत्पादनाचा. त्यातून बॉडी धातूची आणि वायरी दोनच, अर्थिंगचा पत्ता नाही. काका म्हणाले, “ताई, हा मी लावून देणार नाही. पुसताना कोणाला शॉक बसला तर?” आणि त्यांनी तो परत खोक्यात भरला. मला वाटतं, त्या सगळ्या प्रकरणात सरळ वागलेला माणूस तेवढाच.

यापुढे जे झालं त्याला मी खरी फसवणूक म्हणेन. सगळं बेतलेलं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा माणूस अत्यंत गोड. आधी म्हणाला, अनबॉक्सिंगचा व्हिडिओ पाठवा. तो नव्हता. मग, “तुमचं नुकसान नको, माल ठेवा, दहा टक्के परत करतो.” नको म्हटलं की एक-दोन दिवस शांतता. मग, “सिनियरशी बोललो, पंचवीस टक्के.” पुन्हा शांतता. मग चाळीस. दर वेळी वाटतं, सुटतंय प्रकरण. प्रत्यक्षात पेजवर लिहिलेली सात दिवसांची परतीची मुदत तेवढ्यात निघून जाते, आणि मग सूर बदलतो: “आता रिटर्न होणार नाही, पॉलिसी वाचा.” चाळीस टक्के घेतले असते तरी आधी ‘माझी तक्रार मिटली आहे’ असं लिहून द्यायची अट होती. त्या एका ओळीमुळे पुढे काही करणं अवघड होऊन बसतं. साठ टक्क्यांत पत्र्याची वाटी विकून ते मजेत.

त्यांची पॉलिसी काहीही असो, २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे वस्तू जाहिरातीतल्या वर्णनासारखी नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं, तक्रार अधिकाऱ्याचं नाव पानावर द्यायचं, हेही त्यातच आहे. मी हे कलम चिकटवून पाठवलं तेव्हा मला ब्लॉक केलं गेलं.

मग मी त्यांच्या जाहिरातीखाली सगळं लिहून काढलं. संध्याकाळी ‘रिफंड विभागा’तून एकाचा मेसेज: हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पूर्ण रक्कम जमा होईल. तोच गट की कमेंटी चाळत फिरणारे दुसरे कोणी, देव जाणे. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. हा मेसेज मी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवला. इथे पैसे गेले असतील तर त्या नंबरला लगेच फोन करा, जितका लवकर तितकं बरं.

दिव्याच्या पैशांसाठी बँकेने हात वर केले: व्यवहार यशस्वी आहे, तुम्ही स्वतःच पिन टाकलाय. क्रेडिट कार्डाने भरलेल्या पैशांवर ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ म्हणून बँकेकडे वाद दाखल करता येतो. आगाऊ भरण्यावरची ती दहा टक्के सूट यूपीआयलाच का होती, ते तेव्हा उमगलं.

उपयोगी पडलं ते बिल. आधी दिलंच नव्हतं. गोड बोलणं चालू होतं तेव्हा मागून घेतलं. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात. मुरादाबाद उत्तर प्रदेशात, म्हणजे ०९ हवं. बिलावर होतं ०७, दिल्ली. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही नंबर शोधता येतो. तिथे मालकाचं कायदेशीर नाव आणि पत्ता मिळाला. धंदा मोबाइलच्या सुट्या सामानाचा. पेजचं नाव रोज बदलेल, हे नाव सहज बदलत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर त्याच नावाविरुद्ध तक्रार केली. ते लोक कंपनीला कळवतात, उत्तर मागवतात; पैसे द्यायचा हुकूम त्यांना काढता येत नाही. कंपनीचं उत्तर आलं: ‘ग्राहकाला ४० टक्क्यांचा प्रस्ताव दिला होता, त्यांनी नाकारला.’ मी म्हटलं, छान, म्हणजे विकल्याचं तुम्ही लेखी कबूल केलंत. तेच उत्तर जोडून जिल्हा ग्राहक आयोगात ‘ई-जागृती’ या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार दाखल केली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. तारीख लागायची आहे.

टेबलावर सध्या तपकीर गल्लीतल्या विजेच्या सामानाच्या दुकानातून आणलेला दिवा आहे. सोळा इंची, व्यासाने. अ‍ॅल्युमिनियमचा, आणि दुकानदाराने अ‍ॅल्युमिनियम म्हणूनच विकला, १,९०० रुपयांत. त्याने तिथेच लावून दाखवला, मी मोबाइलचा कॅमेरा धरला तेव्हा तो हसला आणि म्हणाला, “धरा, धरा.” साधा आट्यांचा ई-२७ होल्डर, त्यात ३,००० केल्विनचा बल्ब, अर्थिंगची तिसरी वायर. वेताची किंवा कापडाची शेड मला आवडली होती, पण आमचं स्वयंपाकघर चार पावलांवर. फोडणीचा तेलकट थर त्यावर बसला की धुणार कसं? पंखा जोरात असला की हा दिवा थोडा झुलतो, त्यावर अजून तोडगा निघालेला नाही.

माझ्यासारखाच खोका कोणाकडे आला असेल तर त्यांनी तो फेकू नये, आणि दिवा छताला लावूही नये. खोका, कुरिअरची चिठ्ठी, ड्रायव्हरवरचा नंबर, वजनकाट्यावर ठेवलेल्या दिव्याचा फोटो, वाटीवर टेप धरलेला फोटो आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा. स्क्रीनशॉट आधी काढा. माझी तक्रार गेल्यावर त्या पानावर ‘साइज’च्या जागी ‘हाइट’ झालं होतं. व्हॉट्सअ‍ॅपचं सगळं संभाषण स्वतःच्या मेलवर पाठवून ठेवा. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे गेल्या वर्षीचा खोका माळ्यावर पडला असेल तरी चालेल.