कराटेच्या ड्रेसच्या नावाखाली खळ विकली जातेय, सावध राहा

लातूरला आमच्या लेकरांच्या क्लासवर कराटेचे ड्रेस विकायला आलेल्या एका माणसाने बऱ्याच पालकांना फसवलं. तोच माणूस आता परभणी-नांदेडकडच्या क्लासवर फिरतोय असं कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

रविवारी क्लास सुटायच्या वेळेला त्याने मैदानाच्या कडेला टेबल मांडलं. टेबलावर एकच नमुन्याचा ड्रेस होता, आणि तो खरंच उत्तम होता. जाड कापड, खांद्याला दुहेरी शिवण. बाही दोन्ही हातांत धरून त्याने झटका दिला की फट्ट आवाज यायचा. लेकरांना नेमका तोच आवाज हवा असतो. पंच मारला की बाही वाजली पाहिजे! "ताई, प्युअर कॉटन आहे, बारा औंसाचं जाड कापड. आटणार नाही, पिवळा पडणार नाही. आणि डब्ल्यूकेएफचं, म्हणजे जागतिक कराटे फेडरेशनचं लेबल नसेल तर जिल्ह्याला खेळूच देत नाहीत," असं तो प्रत्येकीला सांगत होता. किंमत 2200 रुपये, पैसे आधी, तेही फोनवरून त्याच्या स्वतःच्या नंबरवर. पावती माल आल्यावर देतो म्हणाला.

माल आला तो पिशवीत घट्ट पॅक करून. हाताला तसाच कडक लागत होता, बाहीही वाजत होती. मुलीचा ड्रेस घालायच्या आधी मी गार पाण्यात भिजवला, तर थोड्या वेळात बादलीतलं पाणी भाताच्या पेजेसारखं पांढरं झालं. सगळी खळ! वाळल्यावर जे हातात आलं ते ओढणीइतकं पातळ होतं. पँट उजेडासमोर धरली तर पलीकडचा माझा हात दिसत होता. सोबतचा हिरवा बेल्ट दुसऱ्या एका ताईंनी ड्रेसबरोबरच भिजवला होता, त्यांच्या लेकराच्या जॅकेटवर कायमचे हिरवे डाग पडले. कॉलरच्या लेबलवर फेडरेशनच्या स्पेलिंगमधलं एक अक्षरच गाळलेलं निघालं.

फोन केला तर त्याचं उत्तर तयार होतं. "ताई, तुम्ही धुतलाच चुकीचा. बोअरचं पाणी वापरलं असेल." सगळ्यांना हेच उत्तर. आमच्याकडे बोअरचं पाणी जड आहे हे खरं. त्यात साबणाला फेस येत नाही आणि पांढरे कपडे हळूहळू मळकट दिसायला लागतात. पण जड पाण्याने एका धुण्यात जाड कापडाचं पातळ कापड होत नाही.

लातूरच्या गंजगोलाई बाजारात आमच्या ओळखीचे एक कापड दुकानदार आहेत. त्यांनी जॅकेटच्या आतल्या शिवणीतून कापडाचा एक दोरा ओढला आणि काडी लावली. दोरा आक्रसला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. मग शेजारच्या मांजरपाटाचा, म्हणजे साध्या सुती कापडाचा दोरा पेटवला. तो कागदासारखा जळला, वासही जळक्या कागदाचाच, आणि मागे राहिली ती बोटाने चुरडणारी राख. मिश्र कापड असेल तर थोडी राख आणि थोडा मणी, दोन्ही मिळतं. आमच्या ड्रेसमध्ये सुताचा पत्ताच नव्हता, सगळं पॉलिएस्टर.

पॉलिएस्टर वाईटच असं माझं म्हणणं नाही. कुमितेसाठी, म्हणजे समोरासमोरच्या लढतीसाठी हलके, जाळीदार पॉलिएस्टरचे ड्रेस मुद्दाम बनवतात. माझा राग खोटं सांगून विकण्यावर आहे. आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यात घाम न शोषणारं अस्तरासारखं कापड लेकराच्या अंगावर चढवलं तर पाठ घामोळ्यांनी भरते, ते आम्ही पाहिलं.

औंस म्हणजे एक चौरस यार्ड कापडाचं वजन. आठ औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण 270 ग्रॅम, बारा औंस म्हणजे 400च्या थोडं वर. नवीन लेकराला आठ औंसाचा ड्रेस पुरतो. जाड कापड मुख्यतः काता, म्हणजे ठरलेल्या हालचाली एकट्याने करून दाखवणाऱ्यांना लागतं. आणि कोरं सुती कापड पहिल्या काही धुण्यांत आटतंच. आधी आटवून घेतलेलं नसताना कोणी "आटत नाही" म्हणत असेल, तर कापड सुती नसण्याचीच शक्यता जास्त.

मापातही त्याने हात मारला. "लेकरू वाढतंय, मोठाच घ्या" म्हणत उरलेले मोठे नंबर खपवले. डब्ल्यूकेएफच्या नियमात बाही मनगटाच्या पुढे जाता कामा नये आणि कोपर ते मनगट या अंतराच्या निम्म्याहून आखूडही चालत नाही. पँटने नडगीचा दोन तृतीयांश भाग झाकला पाहिजे, पण ती घोट्याच्या हाडाखाली जायला नको. बाह्या दुमडायला परवानगी नाही. म्हणजे तो मोठा ड्रेस नियमातही बसत नाही. डब्ल्यूकेएफची मान्यता कोणत्या ब्रँडना आहे ती यादी त्यांच्या वेबसाइटवर आहे. आमच्या जिल्हा स्पर्धेच्या पत्रकात तर फक्त "पांढरा स्वच्छ ड्रेस" एवढंच लिहिलेलं होतं. त्याने घातलेली भीती निव्वळ खोटी होती.

धुण्याबद्दलही सांगते, कारण दोष तिथेच ढकलला जातो. क्लासवरून आल्याबरोबर ड्रेस गार पाण्यात टाका, घाम मुरला की काखेत पिवळे डाग पडतात. ब्लीच अजिबात नको, क्लोरीनने सूत कमजोर होतं. बोअरचं पाणी असेल तर शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर घाला. बेल्ट ड्रेससोबत कधीच भिजवू नका, मळला तर ओल्या फडक्याने पुसा.

आम्ही काही पालकांनी मिळून 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. त्याचे मेसेज, पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट, धुण्याआधीचे फोटो, सगळं जपून ठेवलंय. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला फी लागत नाही, पुढची पायरी तीच. एक ताई जास्तच धरून बसल्या तेव्हा त्यांना अर्धे पैसे मिळाले, बाकीच्यांचे फोन तो आता उचलत नाही.

तुमच्या क्लासवर असं टेबल दिसलं तर नमुन्यावर पैसे देऊ नका. जो पीस घरी न्यायचा आहे त्याच पिशवीतला ड्रेस उघडायला लावा, आतल्या शिवणीतला एक दोरा मागा, ओल्या रुमालाने कापड घासून पांढरं काही येतं का बघा आणि पक्कं बिल हातात आल्यावरच पैसे सोडा. आणि तुमच्या क्लासच्या सरांना हे आजच वाचून दाखवा.