चादरीचा फोटो, स्क्वूश आणि नसलेल्या लाटा

फोटो लहान करणाऱ्या साधनाची खरी परीक्षा घ्यायची तर त्याला सोलापुरी चादर द्यावी. जॅकार्डची (विणतानाच नक्षी उमटवणाऱ्या मागाची) बारीक वीण, त्यात गडद लाल. आकार कसाही घटवला की कापडावर नसलेल्या लाटा फोटोत उमटतात, आणि गिऱ्हाईक विचारतं, ‘हे डिझाईन वेगळं आहे का?’ गूगलच्या क्रोम लॅब्जचं स्क्वूश या परीक्षेत पास होतं. गठ्ठ्याने फोटो दिले तर मात्र साफ नापास.

२०१८ साली आलेलं हे साधन फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही. चालतं ब्राउझरमध्ये, पण फोटो कुठल्याही सर्व्हरवर जात नाही. सगळं काम आपल्याच फोनवर होतं.

१२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० असतो. ‘रिसाइझ’ चालू करून रुंदी १२०० टाका, उंची आपोआप ९०० होते. पिक्सेल अकरा पटींनी घटले. पद्धत ‘लँक्झोस३’च ठेवा. ‘ब्राउझर पिक्सेलेटेड’ ही पद्धत मधले धागे सरळ गाळून टाकते, लाटा तिथूनच येतात. मग फाइलचा प्रकार म्हणून ‘मोझजेपेग’ निवडा, म्हणजे साधी जेपेग फाइल मिळते. क्वालिटी मुळात ७५ असते; साध्या टॉवेलला तेवढी पुरे, चादरीला ८० द्या. लाल नक्षीच्या कडा पसरल्यासारख्या वाटल्या, तर ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘ऑटो सबसॅम्पल क्रोमा’ची खूण काढून खालचा आकडा १ करा. फाइल थोडी फुगते, पण लाल जागेवर राहतो.

मधली पट्टी सरकवून आधीचा-नंतरचा फोटो ताडता येतो, ही यातली सर्वांत कामाची सोय. फक्त झूम १०० टक्के ठेवून बघा. कमी झूमवर पडद्यामुळेच खोट्या लाटा दिसतात. मूळ फोटोतच लाटा असतील तर कुठलंच साधन काही करू शकत नाही. अंतर किंवा कोन बदलून फोटो परत काढायचा.

उणिवाही आहेत. कातरायची सोय नाही, ते आधी गॅलरीत उरका. आयफोनची ‘हाइक’ (HEIC) फोटो-फाइल क्रोममध्ये उघडत नाही. आयफोनच्या सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ करावं लागतं. ‘एव्हिफ’ (AVIF) या फाइल-प्रकाराने फाइल बारीक होते, पण साध्या फोनवर वाट बघायला लावते. फोटोतली तारीख आणि ठिकाण पुसलं जातं. गोदामाचा पत्ता बाहेर जात नाही, हे एका परीने बरंच.

अडचण एकच मोठी: एका वेळी एकच फोटो. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या दुकानाला पन्नास डिझाईनं चढवायची असतील तर हा नाद सोडा. विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा पॉवरटॉईज हा साधनांचा संच टाका, सगळे फोटो निवडून राइट क्लिक करा आणि ‘इमेज रिसायझर’ घ्या. तिथे मूळ फोटोच बदलायचा एक पर्याय आहे, त्यावर खूण नाही ना, तेवढं बघा.