बाबांच्या मणक्याचं ऑपरेशन: खासगी की सरकारी मेडिकल?

बाबांचा कमरेचा मणका सरकला होता. वावराच्या धुऱ्यापर्यंत जाईस्तोवर दोनदा बसावं लागायचं. स्क्रू टाकून मणका जोडावा लागेल, हे नागपुरात दोन्हीकडच्या डॉक्टरांनी सारखंच सांगितलं. म्हणून कोणाचा हात चांगला, या वादात मी पडत नाही.

खासगीत वेळ वाचतो, हे खरंच. आज दाखवलं की परवा भरती, एकच डॉक्टर शेवटपर्यंत, नर्स हाकेला येते. सोबत राहायला घरचं माणूस नसेल तर हा मोठा आधार आहे. सरकारी मेडिकलमध्ये, म्हणजे मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, आमचे पाच आठवडे गेले. एमआरआयचा नंबर, सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी, मग ऑपरेशन थिएटरची तारीख, तीही एकदा पुढे गेली. मी वॉर्डाबाहेर सतरंजीवर झोपलो. पाय लुळा पडत असेल किंवा लघवी-संडासवरचा ताबा सुटला असेल, तर मात्र एक दिवसही थांबू नका. जिथे लगेच ऑपरेशन होईल तिथे जा.

माझं मन उडालं ते खासगीच्या इस्टिमेटवरून. दोन लाख दहा हजार, आणि खाली बारीक अक्षरांत ‘इम्प्लांट वेगळे’. चार स्क्रू, दोन रॉड. त्यांचे किती, हे मी तीनदा विचारलं. काउंटरवर तिन्ही वेळा एकच उत्तर: कंपनीवर आहे, ऑपरेशनच्या वेळी ठरेल. बियाण्याची पिशवी घेतानाही आपण छापील किंमत आधी बघतो. इथे बाबा टेबलावर गेल्यावर आकडा कळणार होता. हृदयाच्या स्टेंटला फेब्रुवारी 2017 मध्ये आणि गुडघ्याच्या इम्प्लांटला त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सरकारनं कमाल किंमत ठरवून दिली. मणक्याच्या स्क्रूला तसा लगाम नाही.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता, तो 2021-22 मध्ये 39.4 वर आला. मला हा फरक दिसला तो आरोग्यमित्राच्या, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाच्या, टेबलावर. केशरी कार्ड, आधार, एमआरआय दिला आणि महात्मा फुले योजनेतून मंजुरी आली. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. स्क्रूचा वेगळा कागद कोणी पुढे केला नाही. आमचे गेले ते एसटी, जेवण, कमरेचा पट्टा आणि बाहेरून आणलेली थोडी औषधं, सगळे मिळून साडेसात हजार.

तुमची अडचण वेगळी असू शकते. काही खासगी दवाखानेही योजनेत आहेत, तिथेही विचारा, पण इम्प्लांट धरून आकडा लेखी मागा. महिनाभर कळ काढता येत असेल तर मी मेडिकलच सुचवीन.

स्क्रूच्या पाकिटावरचे स्टिकर केस पेपरवर लावून घ्या, पुढच्या डॉक्टरला कामी येतात. बाबांच्या कागदावर चार आहेत. ते आता न बसता धुऱ्यापर्यंत जातात. वाकायला अजून मनाई आहे.