तळघराच्या गळतीसाठी ‘आधी निदान, मग दर’ पद्धतीचा प्रस्ताव: दोन पावसाळ्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पुण्यात वॉटरप्रूफिंगची कामे घेणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये प्रस्ताव तयार करण्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापूर्वी आम्ही तळघरांच्या कामासाठी वापरात असलेले एकपानी कोटेशन बंद केले. त्या पानावर रसायनाचे नाव, चौरस फुटाचा दर, अंदाजे क्षेत्रफळ, ‘१० वर्षांची हमी’ आणि तळाशी बारीक अक्षरांत ‘जीएसटी अतिरिक्त’ एवढेच असायचे. त्याऐवजी आता आम्ही जो नमुना वापरतो, त्यात पाणी कोठून येते हे आधी लिहिले जाते, त्यावर कोणते उपाय शक्य आहेत हे त्यानंतर, आणि दर सर्वांत शेवटी. या नमुन्याने काय साधले आणि काय साधले नाही, हे याच व्यवसायातील इतरांना उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

सोसायटीचा निर्णय कसा होतो हे ध्यानात घेतल्याशिवाय या नमुन्याचे महत्त्व समजणार नाही. आपण चेअरमन आणि सेक्रेटरी यांच्यासोबत तळघरात फिरतो, त्यांना सगळे समजावून सांगतो, त्यांनाही ते पटते. परंतु खर्चाची रक्कम मोठी असल्याने विषय सर्वसाधारण सभेपुढे जातो आणि त्या सभेत आपण नसतो. तेथे खजिनदारांनी केलेला तुलनात्मक तक्ता असतो, तीन-चार कोटेशनमधील चौरस फुटाचे दर एकाखाली एक मांडलेले असतात, आणि तळघरात कधीही न उतरलेला एखादा सभासद उभा राहून विचारतो की मागच्या कंत्राटदारानेही हमी दिली होती, मग पैसे पुन्हा का द्यायचे. या प्रश्नाचे उत्तर कागदावर नसेल तर सेक्रेटरींना ते देता येत नाही. म्हणून आमच्या प्रस्तावाचे पहिले पान आता मराठीत असते, अर्ध्या पानापेक्षा मोठे नसते, आणि त्यात तीनच गोष्टी असतात: पाणी कोठून येत आहे, आम्ही काय करणार आहोत, आणि काम झाल्यानंतरही काय शिल्लक राहील. ही तिसरी गोष्ट लिहायला आमच्याच कार्यालयात विरोध झाला होता. आज मला तीच सर्वांत परिणामकारक वाटते.

दुसऱ्या पानावर तळघराचा साधा नकाशा असतो. कॉलमना क्रमांक दिलेले असतात आणि प्रत्येक ठिकाण ‘ओल’, ‘पाझर’ किंवा ‘धार’ अशा तीन खुणांनी दाखवलेले असते. राफ्ट (इमारतीखालचा पायाचा सलग काँक्रीट स्लॅब) आणि भिंत यांचा सांधा, काँक्रीट थांबवून पुन्हा सुरू केल्याने राहिलेला कोल्ड जॉइंट, हनीकोंब (काँक्रीटमध्ये राहिलेली पोकळ जागा), शटरिंगचे साचे धरून ठेवणाऱ्या टाय-रॉडची छिद्रे, एक्स्पान्शन जॉइंट (प्रसरणासाठी मुद्दाम ठेवलेली फट), केबल आणि पाइप भिंतीतून आत येतात त्या जागा, असा उगमही प्रत्येक खुणेपुढे नोंदवला जातो. छायाचित्रांना तेच क्रमांक असतात. याचा लाभ असा की सभासद स्वतःच्या पार्किंगपुढचा क्रमांक शोधतो, आणि एकदा तो सापडला की उरलेला कागदही वाचतो.

चाचण्यांच्या पानाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण खरे मतपरिवर्तन तेथे होते. बाणेर भागातील एका सोसायटीत लिफ्टच्या खड्ड्यात घोटाभर पाणी साचत असे. भूजल वर चढले आहे अशी सर्वांची खात्री होती आणि आमच्याआधी आलेल्या दोघांनी संपूर्ण तळघराच्या इंजेक्शन ग्राउटिंगचे, म्हणजे भिंतीत छिद्रे पाडून दाबाने रसायन भरण्याचे, दर दिले होते. आमच्या इंजिनिअरने खड्ड्याच्या भिंतीतून ठिबकणारे पाणी परीक्षानळीत धरून त्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले, तेव्हा पाणी फिकट पिवळे झाले, म्हणजे त्यात नळाच्या पाण्यात असते तसे क्लोरीन होते. लिफ्टच्या खड्ड्याला लागूनच सोसायटीची जमिनीखालची पाण्याची टाकी होती. रात्री टाकीचे येणारे आणि जाणारे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून आतल्या भिंतीवर पेन्सिलने पातळी आखली. सकाळी पाणी त्या रेघेच्या दोन बोटे खाली होते. आमचा प्रस्ताव त्यामुळे टाकीपुरता मर्यादित राहिला आणि त्याची रक्कम इतरांच्या तुलनेत फारच कमी आली. गंमत म्हणून नव्हे, गांभीर्याने सांगतो, की ती रक्कम कमी असल्यामुळेच कमिटीला शंका आली. रेघेची संध्याकाळची आणि सकाळची अशी दोन छायाचित्रे प्रस्तावात जोडलेली होती, आणि सभेत तीच निर्णायक ठरली असे सेक्रेटरींनी नंतर कळवले.

या चाचणीची मर्यादाही आम्ही त्याच पानावर लिहितो. मातीतून आणि काँक्रीटमधून झिरपताना क्लोरीन नष्ट होऊ शकतो, त्यामुळे रंग आला तर नळाच्या पाण्याचा संशय बळावतो, पण रंग आला नाही म्हणून नळाचे पाणी नाहीच असे ठरत नाही. अशा वेळी टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) मोजून बोअरच्या आणि नळाच्या पाण्याशी तुलना करणे उपयोगी पडते, कारण खडकवासल्याच्या पाण्यात आणि बोअरच्या पाण्यात सहसा ठळक फरक असतो. फरशीवरची ओल खालून येते की हवेतील बाष्प थंड फरशीवर साचते, हे पाहण्यासाठी प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून किमान १६ तास ठेवण्याची जुनी पद्धत आहे. पावसाळ्यातील पुष्कळशा तक्रारी तेवढ्यानेच सुटतात, आणि तेथे ग्राउटिंगऐवजी हवा खेळती ठेवणारे पंखे सुचवावे लागतात.

मागच्या वेळी रंगकाम करूनही पापुद्रे का निघाले, या प्रश्नाला आम्ही एका परिच्छेदात उत्तर देतो, आणि तो परिच्छेद आता जवळजवळ प्रत्येक प्रस्तावात राहतो. पाण्याच्या १ मीटर उंचीमागे भिंतीवर दर चौरस मीटरला सुमारे १ टन दाब येतो. भिंतीबाहेर पाणी ३ मीटर उभे असेल तर पायथ्याशी तो दाब सुमारे ३ टन होतो, आणि हा दाब आतून लावलेल्या रंगाला भिंतीपासून ढकलत असतो. त्याचप्रमाणे पाऊस थांबल्यावर कित्येक आठवडे गळती का चालते, हेही स्पष्ट करावे लागते. पुण्याच्या काळ्या पाषाणात पाणी सरसकट मुरत नाही. ते भेगांतून आणि वरच्या मुरमाच्या थरातून सरकते. खडक फोडून केलेला तळघराचा खड्डा हा एक हौदच असतो, आणि भिंतीबाहेरच्या भरावात साठलेल्या पाण्याला त्यातून बाहेर पडायला वाट नसते. एवढे वाचल्यानंतर दिवाळीत दिसणारी धार पाहून कोणी पाइप फुटल्याचा निष्कर्ष काढत नाही.

उपायांच्या पानावर आम्ही एकच उपाय कधीही लिहीत नाही. बाहेरून खोदून मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पडदा) लावणे, आतून इंजेक्शन आणि क्रिस्टलाइन लेप (काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक तयार करून ती बुजवणारा लेप) करणे, किंवा आत येणारे पाणी पन्हळीने गोळा करून संपमध्ये (पाणी साठवून पंपाने उपसण्याच्या खड्ड्यात) नेणे, हे तीनही पर्याय त्यांच्या अडचणींसह मांडतो. बांधकामाच्या वेळी राफ्टखाली आणि भिंतीबाहेर शहाबादी फरशीचे बॉक्स वॉटरप्रूफिंग झालेले असेल, तर ते आता भरावाखाली गेलेले असते आणि त्याची दुरुस्ती आतून होत नाही, हेही सांगतो. जमिनीखालच्या बांधकामांच्या संरक्षणाविषयीचे बीएस ८१०२ हे ब्रिटिश मानक २०२२ मध्ये सुधारले गेले. त्यात जागेच्या वापरानुसार कोरडेपणाच्या पायऱ्या ठरवलेल्या आहेत. वाहनतळाला थोडी ओल चालू शकते, रेकॉर्ड रूमला किंवा विजेच्या पॅनेलच्या खोलीला चालत नाही. हा विचार आमच्याकडच्या सोसायट्यांना नवा असला तरी लगेच पटतो, कारण त्यामुळे खर्च विभागता येतो: पॅनेल रूमला पूर्ण उपाय आणि पार्किंगच्या दूरच्या भिंतीला पन्हळ.

कामाचे वर्णनही मोजता येईल असे असावे. पूर्वी आम्ही ‘अत्याधुनिक पीयू (पॉलियुरेथेन) तंत्रज्ञानाने संपूर्ण गळतीमुक्ती’ असे लिहीत असू, आणि आजही अनेकजण लिहितात. आता त्या जागी अशी वाक्ये असतात: “कॉलम ७ ते ९ मधील राफ्ट-भिंत सांध्यावर, सांध्याच्या दोन्ही बाजूंनी आलटून पालटून, ४५ अंशांत छिद्रे घेण्यात येतील. भिंत ३०० मिलिमीटर जाड असल्याने छिद्र सांध्यापासून १५० मिलिमीटरवर असेल, म्हणजे ते भिंतीच्या मध्यावर सांध्याला मिळेल.” सभासदांपैकी कोणी ना कोणी इंजिनिअर असतोच, तो काम सुरू झाल्यावर टेप घेऊन येतो, आणि ते आमच्या दृष्टीने चांगलेच आहे.

आता दोषांकडे येतो. पहिला दोष वेळेचा. पाहणी, चाचण्या, नकाशा आणि लेखन यांत इंजिनिअरचे बरेच दिवस जातात, आणि काम न मिळाल्यास ते वाया जातात. दुसरा दोष अधिक जिव्हारी लागणारा आहे: आमचा नकाशा इतर कंत्राटदारांच्या हाती देऊन ‘याप्रमाणे दर द्या’ असे सांगणाऱ्या कमिट्या भेटतात. यावर उपाय म्हणून आम्ही पाहणीचे शुल्क आकारू लागलो आणि काम मिळाल्यास ते बिलातून वजा करतो. त्यानंतर नकाशा फिरण्याचा त्रास कमी झाला, परंतु लहान सोसायट्या शुल्क ऐकूनच मागे फिरतात, आणि खरी गरज पुष्कळदा त्यांनाच असते. याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही.

मोठ्या संकुलांत, रुग्णालयांत किंवा जेथे सल्लागाराने स्वतःचे टेंडर काढले आहे तेथे हा नमुना चालत नाही. तेथे बाबी आणि परिमाणे आधीच ठरलेली असतात; आमचे निदान परिशिष्ट म्हणून जोडता येते, पण ते वाचले जाईलच असे नाही.

एका कलमामुळे काही कामे हातची जातात, तरीही ते मी काढणार नाही. २०१६ च्या रेरा (स्थावर संपदा) कायद्याच्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष लक्षात आणून दिल्यास तो ३० दिवसांत, कोणतेही जादा पैसे न घेता दुरुस्त करणे हे विकासकाचे कर्तव्य आहे. ताबा मिळून ५ वर्षे झालेली नसतील तर आमच्या पहिल्याच पानावर ‘आधी विकासकाला लेखी कळवावे’ असे वाक्य असते. जी दुरुस्ती सोसायटीला विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे, तिचे पैसे सभासदांकडून घेणे मला योग्य वाटत नाही. शिवाय कंत्राटदाराने आधीच भिंतीला छिद्रे पाडल्यास विकासकाला हात वर करायला निमित्त मिळते.

ऋतूचा पेच या नमुन्याने उघड केला, सोडवला मात्र नाही. गळती दिसते ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि सोसायट्यांना जाग येते एप्रिलमध्ये, जेव्हा भिंतीवर पांढऱ्या क्षारांच्या खुणांपलीकडे काही दिसत नाही. आम्ही आता उन्हाळ्यातल्या पाहणीला ‘प्राथमिक’ म्हणतो आणि परिमाणे पावसाळ्यात निश्चित होतील असे नमूद करतो. कोणते काम कधी करावे हेही लिहितो: पाण्याशी संयोग पावून फुगणारे पीयू फोम वाहत्या गळतीतही भरता येते, क्रिस्टलाइन लेपाला ओलसर पण न वाहणारा पृष्ठभाग लागतो, आणि बाहेरच्या मेम्ब्रेनला कोरडी भिंत.

दरपत्रकात जीएसटी १८ टक्के धरून येणारी अंतिम रक्कम ठळक छापल्यापासून ‘नंतर वाढवले’ ही तक्रार थांबली. ‘समाविष्ट नाही’ या पानावर प्लास्टर, रंग, विजेच्या केबल हलवणे, गाड्यांची पर्यायी व्यवस्था आणि आधीच गंजलेल्या सळ्यांची दुरुस्ती हे सारे स्पष्ट असते. हमी ही नकाशावरील क्रमांकांची असते, संपूर्ण तळघराची नसते. शेजारच्या जागी नवी धार आली तर ती जुन्या हमीत येत नाही, पण पूर्वीच्याच दराने करून दिली जाते. शेवटचा १० टक्के हप्ता पहिला पावसाळा संपल्यावर द्यावा, हे कलम आम्ही स्वतःहून घातले आणि सभेत त्याचा प्रभाव हमीपत्रापेक्षा जास्त पडतो.

वाद उरतो तो एकाच बाबीवर, ग्राउटच्या प्रमाणावर. काही कंत्राटदार प्रति पॅकर (छिद्रात बसवलेली, रसायन आत सोडण्याची नळी) अतिशय कमी दर देतात आणि आत गेलेल्या रसायनाचे किलोमागे वेगळे बिल लावतात. काहीजण सर्वसमावेशक दर देऊन रसायन अपुरे भरतात. भिंतीमागे किती पोकळी आहे हे छिद्र पाडण्यापूर्वी कोणालाच सांगता येत नाही, त्यामुळे दोन्ही पद्धतींत एका पक्षावर अन्याय होतो. आम्ही प्रति पॅकर ठरावीक वजनापर्यंतचे रसायन दरात धरतो आणि त्यापुढील वापराचा किलोचा दर आधीच लिहून देतो. तरीही गेल्या पावसाळ्यात एका सोसायटीने जादा वापर मान्य करायला नकार दिला, कारण डबे उघडताना त्यांचे कोणी हजर नव्हते. तेव्हापासून प्रस्तावाला नोंदवहीचा कोरा तक्ता जोडलेला असतो: पॅकर क्रमांक, सुरुवातीचे वजन, शेवटचे वजन, आणि सोसायटीच्या प्रतिनिधीची त्याच दिवशीची सही. सही करायला दररोज कोण खाली येणार, त्या सभासदाचे नाव कार्यादेशावरच लिहून घ्यावे, असे आम्ही या हंगामापासून ठरवले आहे.